क्रिप्टो एक्स्चेंज : नोंदणी, मुभा आणि संरक्षण

भारतात बँक चालवावयाची तर १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यान्वये रिझर्व्ह बँकेचा परवाना घ्यावा लागतो, शेअर बाजारातील दलालाला सेबीकडे नोंदणी करावी लागते आणि विमा विकणाऱ्या कंपनीला विमा नियामकाची अनुज्ञा लागते. त्यामुळे या तिन्ही क्षेत्रांत ‘अमुक संस्था कायदेशीर आहे काय’ अशी शंका एखाद्या गृहस्थाला आली, तर एका कार्यालयाच्या एका यादीवर नजर टाकून तिचे निरसन होऊ शकते. बिटकॉइन, इथर आदी क्रिप्टो चलनांची खरेदी-विक्री ज्या एक्स्चेंजवर चालते त्याविषयी हाच प्रश्न विचारला असता मात्र, ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात सांगणारे कार्यालय या देशात आजमितीस नाही. ही उणीव लोक आपापल्या परीने भरून काढतात. कोणी म्हणतो, ॲप मोबाइलवर उतरवून घेता येते, त्या अर्थी सरकारची हरकत नसणार. कोणी म्हणतो, सरकार त्यावर कर घेते, म्हणजे ते सरकारमान्यच झाले. कोणी कचेरीतील सहकाऱ्याचे आजवर सुरळीत चाललेले खाते पुरावा म्हणून पुढे करतो. या तिन्ही उत्तरांपैकी एकही टिकणारे नाही, आणि त्यांच्यावर विसंबून कष्टाची बचत परदेशातील अनोळखी कंपन्यांच्या हवाली केली जाते, म्हणून या प्रश्नाची नीट फोड करणे मला अगत्याचे वाटते.

वस्तुतः त्या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न मिसळून गेले आहेत. हा व्यवहार करण्यास मला मनाई आहे काय, हा पहिला. तो करून देणाऱ्या कंपनीने या देशाच्या कायद्याने घातलेली बंधने पत्करली आहेत काय, हा दुसरा. आणि उद्या पैसे अडकले किंवा चोरीस गेले तर दाद मागण्यास मला जागा आहे काय, हा तिसरा. तिघांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि पहिल्याचे अनुकूल उत्तर मिळताच उरलेली दोन्ही अनुकूलच असणार असे गृहीत धरणे, ही या क्षेत्रातील बहुतेक हानीची सुरुवात आहे.

पहिल्या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनांच्या धोक्यांविषयी जनतेला प्रथम सावध केले. पुढे २०१७ मध्ये पुन्हा दोनदा तसाच इशारा दिला. आणि ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून आपल्या नियंत्रणाखालील बँका व वित्तसंस्थांना अशा चलनांच्या व्यवहारांशी कोणताही संबंध ठेवू नये असे फर्माविले. या परिपत्रकाने क्रिप्टो बाळगणे हा गुन्हा ठरविला नव्हता, परंतु बँकेचा दरवाजाच बंद झाल्यामुळे त्या काळातील झेबपे या प्रमुख एक्स्चेंजने २०१८ च्या सप्टेंबरात भारतातील आपला व्यवहार गुंडाळला. पुढे ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्दबातल ठरविले. न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी लिहिलेल्या या निकालाचा अर्थ पुष्कळदा ‘न्यायालयाने क्रिप्टोला मान्यता दिली’ असा सांगितला जातो, पण तो अर्थ त्यातून निघत नाही. रिझर्व्ह बँकेला या बाबतीत हस्तक्षेपाचा अधिकार आहे हे न्यायालयाने मान्य केले. मात्र बँकांना प्रत्यक्ष कोणती हानी पोहोचली हे दाखविता आलेले नसताना योजलेला उपाय प्रमाणाबाहेर कठोर आहे, एवढ्याच कारणास्तव तो टिकला नाही. त्याआधी सुभाषचंद्र गर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये संपूर्ण बंदीचा मसुदा सुचविला होता, आणि पुढे २०२१ च्या हिवाळी अधिवेशनासाठी एक विधेयक कार्यक्रमपत्रिकेवरही आले होते. पण दोहोंपैकी एकही संसदेत मांडले गेले नाही. तात्पर्य, मनाई करणारा कायदा नाही आणि परवाना देणारा कायदाही नाही. नागरिकाला मुभा आहे ती केवळ मनाईच्या अभावातून आलेली, आणि अशा मुभेच्या मागे राज्याची कोणतीही हमी उभी नसते.

कराच्या बाबतीत तर गैरसमज अधिकच दृढ आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी संज्ञा आयकर कायद्यात घातली, १ एप्रिल २०२२ पासून तिच्या विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसविला, एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्यास मज्जाव केला, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतराच्या मोबदल्यातून एक टक्का रक्कम उगमस्थानी कापून घेण्याची तजवीज केली. या सर्व खटाटोपामुळे आपल्या व्यवहाराला राजमान्यता लाभली असे अनेकांना वाटले. परंतु अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याच फेब्रुवारीत राज्यसभेत स्पष्ट केले होते की, या करामुळे क्रिप्टोला मान्यता दिली किंवा बंदी घातली असे दोन्ही समजू नये. करशास्त्राचा हा जुना नियमच आहे : उत्पन्न कोणत्या मार्गाने आले याचा निवाडा न करता ते करपात्र धरले जाते, आणि बेकायदा धंद्यातील मिळकतही त्यातून सुटत नाही. तथापि या एक टक्क्याच्या कपातीचा सामान्य माणसाला एक अनपेक्षित उपयोग आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जे वार्षिक माहितीपत्रक दिसते, त्यात एक्स्चेंजने कापलेल्या रकमेची नोंद उमटली आहे की नाही हे तपासावे. ज्या कंपनीने रक्कम कापून सरकारात जमाच केली नाही, ती या देशातील दुसरी बंधनेही पाळत नसावी असा संशय घेण्यास पुरेशी जागा आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कंपनीच्या बंधनांकडे वळू. ७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून आभासी मालमत्तेची देवघेव, हस्तांतर व सांभाळ करणाऱ्या व्यावसायिकांना काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २००२ च्या कायद्याच्या कक्षेत आणले. तेव्हापासून अशा प्रत्येक एक्स्चेंजने अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतील फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या कार्यालयाकडे नोंदणी करणे, ग्राहकाची ओळख पटवून घेणे, व्यवहारांचे दप्तर राखणे आणि संशयास्पद व्यवहाराची खबर त्या कार्यालयास देणे सक्तीचे झाले. कंपनीची कचेरी भारतात आहे की नाही याला यात महत्त्व नाही. भारतातील ग्राहकांना सेवा दिली की बंधन लागू होते. ही गोष्ट परदेशी कंपन्यांनी प्रारंभी मनावर घेतली नाही. म्हणून २८ डिसेंबर २०२३ रोजी बायनान्स, कुकॉइन, हुओबी, क्रॅकन, गेट डॉट आयओ, बिट्रेक्स, बिटस्टॅम्प, एमईएक्ससी ग्लोबल व बिटफिनेक्स या नऊ कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा निघाल्या आणि त्यांची संकेतस्थळे बंद करावीत असे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयास कळविण्यात आले. २०२४ च्या जानेवारीत त्या कंपन्यांची ॲपे ॲपल व गूगल यांच्या दुकानांतून भारतापुरती नाहीशी झाली. म्हणजे डिसेंबरात ज्या ॲपच्या उपलब्धतेवरून लोक त्याची वैधता ठरवीत होते, ते ॲप त्या वेळीही नोंदणीवाचूनच चालू होते. दुकानात मिळत होते ते केवळ सरकारने तोवर हरकत कळविली नव्हती म्हणून.

त्यानंतरचा घटनाक्रमही बोधप्रद आहे. कुकॉइनने साडेचौतीस लाख रुपयांचा दंड भरून नोंदणी मिळविली. बायनान्सला २०२४ च्या जूनमध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला आणि ऑगस्टात ती नोंदणीकृत होऊन परतली. बायबिटला २०२५ च्या जानेवारीअखेर ९ कोटी २७ लाखांचा दंड बसला आणि तिनेही नोंदणी पत्करली. २०२५ च्या ऑक्टोबरात आणखी २५ परदेशी कंपन्यांना नोटिसा गेल्या. यावरून ध्यानात येईल की एकाच कंपनीची स्थिती वर्षभरात दोनदा पालटू शकते, आणि दोन वर्षांपूर्वी छापलेला लेख, कोणाची तरी जुनी ध्वनिचित्रफीत किंवा मित्राचा गेल्या साली घेतलेला अनुभव या बाबतीत निरुपयोगी ठरतो. शोध घ्यावा तो फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकांत व लोकसभा-राज्यसभेतील लेखी उत्तरांत. कंपनीच्या मुखपृष्ठावर झळकणारे ‘नोंदणीकृत’ हे बिरुद पुरावा म्हणून धरू नये, कारण ते लिहिणारा हात कंपनीचाच असतो. परदेशी नोंदणीच्या बिरुदांविषयी तर विशेष जपले पाहिजे. अमेरिकेच्या फिनसेन या कार्यालयाकडे ‘मनी सर्व्हिसेस बिझनेस’ म्हणून नाव नोंदविल्याचा दाखला पुष्कळ संकेतस्थळांवर मिरविला जातो. ती नोंदणी म्हणजे कंपनीच्या पत-प्रतिष्ठेची शिफारस नव्हे असे फिनसेन स्वतःच सांगते, आणि भारतातील ग्राहकाला तिचा लवमात्र उपयोग नाही.

हा शोध घेताना कोणते नाव शोधावयाचे, हीही एक अडचणच आहे. आपण ओळखतो ते व्यापारनाम. कायदा ओळखतो ती कंपनी. सेवाशर्तींचा जो लांबलचक मजकूर न वाचता आपण ‘मान्य’ म्हणून पुढे जातो, त्यातच हा करार नेमका कोणत्या कंपनीशी होत आहे, ती कोणत्या देशात स्थापन झालेली आहे, वाद उद्भवल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल आणि लवाद कोठे बसेल, हे लिहिलेले असते. ती चार वाक्ये शोधून वाचण्यास अर्धा तास लागला तरी तो खर्ची घालावा, असे मी आग्रहाने म्हणेन. वझीरएक्स या भारतीय म्हणून प्रसिद्ध असलेल्या एक्स्चेंजची कथा या दृष्टीने प्रत्येक गुंतवणूकदाराने मुळातून समजून घेतली पाहिजे. तिचा भारतातील कारभार झनमाई लॅब्स ही कंपनी पाहत होती, तिची मूळ कंपनी झेटाई सिंगापुरात होती, आणि २०२२ च्या ऑगस्टात तर वझीरएक्सची मालकी बायनान्सकडे आली आहे की नाही यावरूनच दोन्ही पक्षांत जाहीर वाद झाला. ज्यांचे पैसे तेथे होते त्या लाखो लोकांना आपण नेमके कोणाचे खातेदार आहोत हे वर्तमानपत्रांतील तंट्यावरून कळू लागले. पुढे १८ जुलै २०२४ रोजी या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली, जी ग्राहकांच्या एकूण ठेव्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा होती. व्यवहार थांबले, ठेवी गोठल्या, आणि भरपाईची योजना ठरविण्याचे काम सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेले. भारतातील खातेदारांना तेथील कार्यवाहीत घरबसल्या मतदान करावे लागले, आणि एक्स्चेंज पुन्हा उघडले ते २०२५ च्या ऑक्टोबरअखेर. वझीरएक्स ही भारतातील कार्यालयाकडे रीतसर नोंदणी झालेली एक्स्चेंज होती, ही बाब येथे मुद्दाम नमूद करतो.

कारण इथे तिसरा प्रश्न उभा राहतो. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटची स्थापना २००४ मध्ये झाली ती गुन्ह्यातील पैशाचा माग काढण्यासाठी. कंपनीच्या तिजोरीची तपासणी करणे, ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवले आहेत की नाहीत हे पाहणे, किंवा खातेदाराची फिर्याद ऐकणे हे त्या कार्यालयाचे कामच नव्हे. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे छत्र आहे. क्रिप्टो एक्स्चेंजला तसे काही नाही. जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२२ पासून अशा जाहिरातींत, हे व्यवहार अनियंत्रित व अतिशय जोखमीचे आहेत आणि नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागण्याची सोय नसू शकते, अशा अर्थाची सूचना द्यावी लागते; घाईघाईने उच्चारलेली ती सूचना जाहिरातीतील सर्वांत प्रामाणिक वाक्य असते. न्यायालये मात्र हळूहळू मार्ग काढीत आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी, क्रिप्टो चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते असे मत नोंदविले, आणि त्या प्रकरणातील पैसे चेन्नईतील बँक खात्यातून गेलेले असल्याने भारतीय न्यायालयाला हस्तक्षेप करता येतो असेही मानले. हा दिलासा मोठा आहे. पण तो एकेका खातेदाराने वकील लावून, कज्जा लढवून मिळवावयाचा दिलासा आहे. कर वसूल करण्याची यंत्रणा काही महिन्यांत उभी करणाऱ्या शासनाने ग्राहकसंरक्षणाचा कायदा इतकी वर्षे लांबणीवर टाकावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

नोंदणी नसलेल्या एक्स्चेंजकडे जाण्याच्या आडवाटाही आहेत, आणि त्यांचे परिणाम लोकांना आधी कोणी सांगत नाही. व्हीपीएन लावून आपण दुसऱ्या देशात असल्याचे भासविता येते. परंतु बहुतेक सेवाशर्तींत असे करणे हा करारभंग मानलेला असतो, आणि पैसे काढण्याच्या वेळी ओळखीची कागदपत्रे मागितली गेली की भारतीय पत्ता दाखविणाऱ्या माणसाचे खाते गोठविण्यास कंपनीला आयते कारण मिळते. दुसरी वाट म्हणजे एक्स्चेंजने केवळ गाठ घालून दिलेल्या अनोळखी व्यक्तीशी थेट देवघेव करण्याची, जिला व्यवहारात पीटूपी म्हणतात. आपण नाणी विकतो, समोरचा आपल्या बँक खात्यात रुपये भरतो, आणि काही आठवड्यांनी कळते की ते रुपये परप्रांतातील एखाद्या सायबर फसवणुकीतून आलेले होते. तेथील पोलीस तपासासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ व्या आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ व्या कलमाखाली आपले खाते गोठवितात. मग ज्या खात्यात पगार जमा होतो, ज्यातून घराचा हप्ता जातो, तेच खाते मोकळे करून घेण्यासाठी निरपराध माणसाला शेकडो मैलांवरील पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करीत बसावे लागते. एक-दोन टक्के अधिक भाव मिळण्याच्या मोबदल्यात ही किंमत फार जबर आहे.

देशाबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न अधिकच काळजीपूर्वक सोडवावा लागतो, कारण कायदा लागू होतो तो सामान्यतः राहत्या ठिकाणचा, पासपोर्टवरील राष्ट्राचा नव्हे. दुबईत २०२२ मध्ये स्थापन झालेले व्हारा हे प्राधिकरण परवाने देते, मात्र तेथील आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्राच्या हद्दीत दुसऱ्याच नियामकाची सत्ता चालते. लंडनमधील माणसाने फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची नोंदवही आणि तिनेच प्रसिद्ध केलेली इशारा-यादी, दोन्ही पाहाव्यात. तेथे ८ ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी कंपनीने नुसती जाहिरात करण्यासही कायद्याची अट आहे. युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून ‘मायका’ या सामायिक कायद्याखाली एका सदस्यदेशाचा परवाना सर्वत्र चालतो. अमेरिकेत याच्या उलट. न्यू यॉर्क राज्याने २०१५ पासून स्वतंत्र परवाना ठेवला असल्याने, हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाला जी सेवा मिळते ती अलीकडच्या भावाला मिळेलच असे नाही. चीनने २०२१ च्या सप्टेंबरात हे सारे व्यवहार बेकायदा ठरविले, आणि शेजारच्या नेपाळातही ते निषिद्ध आहेत. परदेशातून कायमचे परत येणाऱ्याने तर तेथील खाते तसेच चालू राहील असे समजूच नये. निवासाचा देश बदलला हे कंपनीस कळविणे करारानेच बंधनकारक असते, आणि भारतात नोंदणी नसलेल्या कंपनीला ते खाते चालू ठेवता येत नाही.

ज्यांचे पैसे आजच अशा नोंदणी नसलेल्या ठिकाणी आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण दिरंगाईही करू नये. ओकेएक्स या एक्स्चेंजने २०२४ च्या मार्चमध्ये भारतातील सेवा बंद करण्याचे जाहीर करून ग्राहकांना ३० एप्रिलपर्यंत आपला ठेवा काढून घेण्याची मुदत दिली. प्रत्येक कंपनी इतके सौजन्य दाखवील किंवा संकेतस्थळ बंद होण्याआधी पूर्वसूचना मिळेल, याची खात्री नाही. यास्तव प्रथम सर्व व्यवहारांचे उतारे आरंभापासून उतरवून घ्यावेत, कारण खाते बंद झाल्यावर खरेदीची किंमत सिद्ध करण्यास तेवढाच आधार उरतो आणि ती सिद्ध न झाल्यास कराचा बोजा वाढतो. मग अल्प रक्कम काढून पाहावी, ती पोहोचल्यावर उरलेली काढावी. आणि ‘रक्कम सोडविण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरा’ अशी मागणी समोरून आली, तर एक पैही न भरता त्याच दिवशी १९३० या सायबर तक्रारीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी.